कमावता नवरा

चहा घे, मग सांगते. पण हसू नकोस हं, माझ्यात आता त्राण उरलेलं नाही.

नोकरी सुटल्यापासून आमच्या ह्यांना घरी चामड्याची पाकिटं बनवायचा नाद लागलाय. मटणवाल्याकडून बकरीचं कातडं आणलं आणि मीठ-तुरटीच्या पाण्यात, बादलीत बुडवून ठेवलं. करंजाड्यातला आमचा वन बीएचके, बाथरूम एकच. आठवडाभर त्या बादलीशेजारी नाक दाबून आंघोळ केली.

मी विचारलं, "अहो, हे काय चाललंय?"

"याला कातडं कमावणं म्हणतात," हे म्हणाले. "आता वाळेपर्यंत ते ओढत राहायचं, नाहीतर पापडासारखं कडक होतं. माझा खांदा दुखतोय. तू जरा ओढतेस?"

काल दुपारभर मी ओढत बसले होते. तेवढ्यात चिरनेरहून आईचा फोन. तिला जावयाची फार काळजी.

"जावई नुसते घरीच बसून हायत का गो? कायच कमवत नाय?"

"कमावतात गं आई."

"बरा झाला बाय! कुठं?"

मी फोन खांद्यात दाबला आणि कातडं ओढतच सांगितलं, "बाथरूममध्ये."