कुवेतला अडकलेला आमचा माणूस

सन्माननीय अध्यक्षा चारुशीलाताई, व्यासपीठावर बसलेले मंडळाचे सचिव देवेंद्रजी, फहाहीलहून एवढ्या ट्रॅफिकमधून गाड्या काढून आलेली मंडळी, फरवानियातले माझे शेजारीपाजारी, आणि पहिल्या रांगेत बसलेले माझे चिरंजीव नंदकुमार, सूनबाई मेधा आणि जिचा आज आपण सत्कार केलात ती माझी नात स्पृहा, तुम्हां सगळ्यांना माझा नमस्कार.

कुणाचं नाव राहिलं का? राहिलंच असणार. ते आत्ता आठवायचं नाही आणि घरी गेल्यावर आठवेल. मग झोप लागायची नाही. ज्यांचं राहिलं असेल त्यांनी आपलं नाव मनातल्या मनात वर घालून घ्यावं.

मला दोन मिनिटं दिलेली आहेत. देवेंद्रजी, तुम्ही ते घड्याळ सारखं बघू नका, माझी छाती धडधडते. मी सातवी शिकलेला माणूस. इथे कुवेतच्या राईला एका गॅरेजच्या स्टोअरमध्ये गाड्यांचे सुटे भाग देण्यात माझं आयुष्य गेलं. तिथे मुदीर, म्हणजे मोठा साहेब, बोलायचा आणि आम्ही ऐकायचो, त्यामुळे भाषणाची सवय नाही. हा माईक नीट चालतोय ना? मागे ऐकू येतंय? बरं.

आजचा कार्यक्रम दोन कारणांसाठी आहे. नंदकुमारची इथली नोकरी संपली आणि ही मंडळी कॅनडाला निघाली, हे एक. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नंदूच्या इकाम्याला बांधलेला, तेव्हा निघणाऱ्यांत माझंही नाव आहे. आणि दुसरं म्हणजे स्पृहाची पदवी. अध्यक्षाबाईंनी आत्ता सांगितलंच की तिनं इंग्लंडमध्ये धर्मांचा अभ्यास केला आणि ख्रिस्ती व यहुदी लोकांच्या पवित्र स्थळांवर राहून प्रबंध लिहिला. टाळ्याही झाल्या. पण ती स्थळं कुठली, हे काही ताई बोलल्या नाहीत. ते मी सांगतो.

तिच्या वर्गातल्या प्रत्येकाला एक सत्र परदेशात काढायचं होतं. एकाला रोम मिळालं. एक मुलगी जॉर्डनला गेली. आमच्या स्पृहाचा मला फोन, रडवेला आवाज. "आजोबा, धिस इज सो अनफेअर. सगळ्यांना रोम आणि मला तुमचं गाव!"

मी म्हटलं, "आमच्या गावात कसली आलीत पवित्र स्थळं?"

तर तिच्या प्राध्यापकांना म्हणे रेवदंड्याच्या आसपासचा तो सगळा किनारा माहीत. कोर्लईचं चर्च माहीत, अलिबागकडच्या इस्राएली लोकांची प्रार्थनाघरं माहीत. आम्ही लहानपणी गावातल्या प्रार्थनाघराला इस्राएलांची मशीद म्हणायचो आणि तिच्या भिंतीला सायकली टेकवायचो. तिच्यावर इंग्लंडात पुस्तकं लिहितात हे मला कुणी सांगितलंच नाही.

आता विचार करा. ही मुलगी फरवानियाच्या दवाखान्यात जन्मली. हिच्या कागदावर कोकण म्हणजे परदेश! मला हसावं की काळजी करावी कळेना. मी काळजी केली. पाणी उकळून पी, विहिरीजवळ जाऊ नकोस, संध्याकाळी पायात काहीतरी घाल, बॅटरी घेऊन हिंड. मेधा म्हणाली, "बाबा, ती लंडनमध्ये एकटी राहते." मी म्हटलं, लंडनमध्ये फुरसं असतं का?

तर ही पोरगी आमच्या बंद घरात जाऊन राहिली. जाळी काढली, पंप दुरुस्त करून घेतला, चूल सारवायला शेजारणीकडून शिकली. रविवारी कोर्लईला चर्चमध्ये जाऊन बसायची. पहिल्याच रविवारी बाजूच्या बाईनं प्रार्थना अर्धी टाकून विचारलं, "कुणाची गं तू?" इथे आपल्याला कोण असं विचारतं? इथे विचारतात, कुठल्या कंपनीत? हिनं आपली कंपनी नाही म्हणून युनिव्हर्सिटी सांगितली. ती बाई म्हणाली, "ते असू दे. कुणाची?"

रोज मला फोन करून अभ्यासातलं काहीबाही सांगायची. तिच्या जॉर्डनवाल्या मैत्रिणीनं एक डोंगर पाहिला होता. मोशे म्हणून त्यांचे मोठे पुरुष, त्यांनी सगळ्या लोकांना वाळवंटातून चालवत त्या डोंगरापर्यंत आणलं. देवानं वरून त्यांना त्यांचा मुलूख दाखवला आणि म्हणाला, तू आत जायचं नाहीस. ते तिथेच वारले. मला ही गोष्ट अजिबात आवडली नाही. मी म्हटलं, एवढं चालवलंत आणि दारातून परत? ती म्हणाली, "आजोबा, हजारो वर्षं लोक हाच प्रश्न विचारतायत." म्हटलं, मग उत्तर मिळालं की मला कळव.

आणि मग एक दिवस ती इस्राएल आळीत गेली, लेयाबाई थळकरांकडे. लेयाबाई आमच्या शेजारच्या आळीतल्या. त्यांची मुलं, भाऊ, सगळे कधीच त्यांच्या देशात गेले. ह्या एकट्या राहिल्या. तिथेही तोच प्रश्न. "कुणाची गं तू?" स्पृहा आता शहाणी झाली होती. म्हणाली, "मी कुवेतची."

त्यावर लेयाबाई काय म्हणाल्या माहीत आहे? म्हणाल्या, "कुवेतला आमचा एक माणूस अडकलाय. शशिकांत म्हणून. ओळखतेस का?"

माफ करा हं. पाणी आहे का? थँक्यू, देवेंद्रजी.

स्पृहानं तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावला. मी खालच्या वाण्याच्या बाकाल्यात पाव घेत होतो. फोनमध्ये एकदम लेयाबाईंचं नाक.

"हा कोण म्हातारा?"

"वहिनी, मी शशिकांत."

"शशिकांतला केस होते."

"तुम्हालाही दात होते, वहिनी."

"जीभ तीच आहे. अजून सुटला नाहीस होय तिथून?"

म्हटलं, "वहिनी, ती लढाई कधीच संपली. मी अडकलो नाही, राहतोय. नंदूकडे."

"ते तू तुझ्या नंदूला सांग. तुझा मलिदा राहिलाय माझ्याकडे."

मी बाकाल्यात उभा, हातात पाव, मागे माणसं खोळंबलेली. मला काही समजेना. इथल्या नव्या मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो, मलिदा म्हणजे त्यांच्याकडचा नवस फेडायचा प्रकार. गूळखोबरं घातलेल्या पोह्यांचं मोठं ताट, वर फळं, आणि त्यांचे प्रेषित एलियाहू हन्नबी, त्यांची प्रार्थना. आमच्याकडे सत्यनारायण तसं त्यांच्याकडे हे. ज्याच्यासाठी नवस, त्यानं ताटापुढे बसायचं.

तो नवस नव्वद सालचा. इराकी फौजा इथे शिरल्या तेव्हा मी आणि माझा खोलीतला जोडीदार अशरफ, आम्ही बसनं बगदाद, तिथून जॉर्डन, तिथे तंबूत, असे करत मुंबईला पोचलो. दोघांत एक पाण्याचं कॅन. अशरफ घोट घ्यायचा आणि म्हणायचा, "शशीभाई, तुम पहले चिंता करो, फिर पियो." गावी दोन महिने माझी खबर नव्हती. त्या दिवसांत माझी मंदा रोज लेयाबाईंच्या ओसरीवर जाऊन बसायची. दोघींनी मिळून नवस बोलला. हा सुटून कायमचा घरी आला की ह्याला मलिद्याला बसवू.

मी आलो. पण लढाई संपताच पुन्हा इकडे निघालो. लेयाबाईंनी तेव्हाच मंदाला सांगितलं होतं, "हा आला नाही. हा रजेवर आलाय." म्हणून ताट मांडलंच नाही. पुढे प्रत्येक रजेला दोघी बघायच्या, बॅग केवढी आणलीय.

आणि मला ह्यातलं अक्षर माहीत नाही. मी फोनवर विचारलं, "मंदानं मला कधी सांगितलं का नाही?"

लेयाबाई म्हणाल्या, "तुला ओळखून होती ती. म्हणाली, ह्यांच्या कानावर गेलं तर काळजीनं दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून येतील, मग नंदूची फी कोण भरेल? त्याचं शिक्षण होऊ दे, मग सांगते."

नंदू शिकला. अकाउंटंट झाला. इथे आला. मग मंदानं सांगायचं तर ती आजारी पडली. गेली. गोष्ट एवढीच आहे.

नाही, एवढीच नाही. देवेंद्रजी, मला दिसलं तुमचं घड्याळ, एक मिनिट.

नंदू गुणाचा पोरगा आहे. कॅनडाला माझ्यासाठी खोली ठरवली आहे, खिडकीजवळ पलंग, हीटर, सगळं. मी घरी हा विषय काढला की तो म्हणतो, "बाबा, बीपी." आणि मेधा गोळी आणते. म्हणून आज मी इथे बोलतोय, कारण इथे माईक माझ्याकडे आहे. नंदू, उठू नकोस. बस. लोक बघतायत.

मला कॅनडाला यायचं नाही. मला गावी जायचंय.

तुझे सगळे प्रश्न मला पाठ आहेत. डॉक्टर लांब आहे. आहेच. घर बंद होतं. ते तुझ्या मुलीनं उघडलंय, पंप चालतोय. जेवणाचं कोण बघणार? अरे, इथे खोलीत राहत होतो तेव्हा अशरफच्या आणि माझ्या जेवणाचं कोण बघत होतं? पडलो तर? पडेन. कॅनडात बर्फावर पडण्यापेक्षा अंगणात पडेन. आणि मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. रात्रंदिवस वाटते. कुणी ओळखेल का, घरी एकट्याला झोप येईल का, पावसाळ्यात वीज गेली तर काय. पण मला भीती बगदादलाही वाटली, राईलाही वाटली, बाकाल्यातही वाटते. ती काही गावापुरती नाही.

लेयाबाईंचं वय झालंय. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, त्यासाठी त्यांना आता मुंबईपर्यंत निरोप धाडावे लागतात. त्या म्हणाल्या, "तू नक्की ये, मी माणसं जमवते. पण रजेवर येणार असशील तर मला उगाच पोहे भिजवायला लावू नकोस." ह्यावर मी त्यांना उत्तर दिलेलं नाही. तुला विचारल्याशिवाय कसं देऊ? तूच मला इतकी वर्षं सांभाळलंस. मंदा तुझ्यासाठी गप्प बसली, हे मी तुला दोष द्यायला सांगत नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही गप्पच बसलो असतो. आता तुझं सगळं मार्गी लागलंय, म्हणून सांगतोय. स्पृहा मला सोडायला येते म्हणालीय. तू फक्त हो म्हण.

असो. मंडळानं इतकी वर्षं आम्हाला आपलं मानलं, गणपतीत आरतीचं ताट माझ्या हाती दिलं, मंदा गेली तेव्हा घर भरून टाकलंत, ह्याचे आभार मानायला माझ्याकडे शब्द कमी आहेत. अध्यक्षाबाईंचे आभार, जेवणाच्या व्यवस्थेवर असलेल्या भगिनींचे आभार, ते जेवण माझ्यामुळे गार झालं त्याबद्दल दिलगिरी. घरातली गोष्ट चारचौघांत बोललो, ते मोठ्यांनी पोटात घालावं आणि लहानांनी विसरून जावं.

नंदू मान हलवतोय. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला इथून नीट दिसत नाही, लांबचा चष्मा घरी राहिला. पण मेधा डोळे पुसतेय आणि स्पृहा हसतेय. तेव्हा मी हो धरून चालतो.

नमस्कार.