पाचचा आकडा

दोन हजार एकोणीस साल, हिवाळा सरत आलेला, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा — लिहून घ्या बाई, तारखेत मी चुकत नाही — तेव्हा वहिनींचे दोनशे काटे परदेशातून परत आले. कसले म्हणजे? तान्ही मुलं तोलायचे, दवाखान्यातले. कारखाना थोरल्या भावाचा, तो गेल्यावर वहिनी चालवतात, आणि प्रत्येक काटा माझ्या या खोलीत तपासून बाहेर जातो. सही माझी. पण आज तुम्ही ज्यांच्याकडून तपासायला आलात त्या मंडळाची मान्यता खोलीला नव्हती, म्हणून तिथल्या बंदरावर खोकी फोडली, काट्यांवर त्यांची वजनं ठेवून पाहिली — म्हणे, जास्त दाखवतात. मी म्हटलं, त्यांचीच वजनं खोटी.

बसा ना. उभ्यानं किती वेळ बघाल? तुमच्या पेटीतल्या काट्याचा आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो, ठाऊक आहे मला. चौथी शिकलोय, पण मान्यता म्हणजे काय ते कळतं. तुम्ही मला तपासायचं, तुमच्या मंडळाला बाहेरच्यांनी तपासायचं — मग तिथला माणूस माझा कागद मानतो, मला न बघता, खोकं न फोडता. जामीन राहण्यासारखंच की. आता चारशे काट्यांची मागणी आहे, जहाज बावीस तारखेला. मान्यता मिळाली तर सरळ जातील. नाही मिळाली तर पुन्हा महिनाभर बंदरावर — आणि घेणाऱ्यानं बजावलंय, पुन्हा तसं झालं तर संबंध संपला. बेचाळीस माणसं आहेत वहिनींकडं. मी जन्मात कुणापुढं हात पसरला नाही, बाई. आज — असो.

वजन ना? पितळी, पाच किलोचं, भावानं दिलेलं. हातमोजे कशाला? रोज सकाळी मीच घासतो ते — पावडर, फडकं, पाव तास — एकतीस वर्षांत एक दिवस खाडा नाही. दुसऱ्यांची वजनं बघा, काळी कुळकुळीत. हा आरसा आहे, आरसा — मी यात बघून दाढी करतो. बाहेर तोलायला पाठवा म्हणायचे लोक. का पाठवू? आपलं वजन दुसऱ्याला विचारायचं? पूर्वी यावर पाचचा आकडा कोरलेला होता, चांगला खोल. आता नखालाही लागत नाही —

काय लिहिलंत?

सात ग्रॅम? कमी? पुन्हा ठेवा. ... पुन्हा तेच.

आकडा गेला तो गेला कुठं? फडक्यावर. एकतीस वर्षं फडक्यावर पुसत होतो मी. म्हणजे काटे — हलक्या वजनाला पाच म्हणायला मीच शिकवलं त्यांना, म्हणून खऱ्या पाचला ते जास्त दाखवत होते.

लंबूला काढलं हो. वहिनींचा फिटर, काटे जोडणारा, अकरा वर्षांचा जुना. त्या फेब्रुवारीत मी वहिनींना सांगितलं, वजनाकडं बघू नका, दोष लंबूच्या हातात आहे. माझा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही. जाताना तो याच दारात उभा राहिला — काका, कुठं चुकलो तेवढं सांगा, नाहीतर एकदा तुमचं वजन बाहेर तोलून आणा. मी म्हटलं, माझ्या वजनावर बोट ठेवतोस? चालता हो. त्याला उत्तर देणं राहिलंय माझ्याकडं.

बाई — ही एक ओळ गाळता येईल? नवं वजन आणतो, मान्यता असलेल्या खोलीतून तोलून आणतो, उद्याच जातो — आज फक्त — बावीस तारीख हो — पाया पडतो म्हटलं तरी —

नका. गाळू नका. आज माझ्यासाठी ओळ गाळलीत, की उद्या तुमचा कागदही घासलेलाच. मग तिथला माणूस खोकं फोडेल, आणि बरोबर करेल. लिहा. वजन हलकं. दोष काटे तपासणाऱ्याचा, माझा. आणि खाली लिहा, फिटरचा हात सरळ होता. त्याला तुमच्या कागदात रकाना नाही? बरं. मग तो फोन सरकवा इकडं. नंबर पाठ आहे मला. पाठ कसा म्हणून विचारू नका.

— लंबू? मी, काका. — हो, जिवंत आहे. — ऐक. चूक वजनाची होती. माझ्या. तुझी नव्हती. — वहिनींना मीच सांगतो, आत्ता जातो. — लंबू?

ठेवला त्यानं.

झालं, बाई. पेटी उचला. दार ओढून घ्या.