ट्राउटची राखण

काळी नदीच्या घाटावर होडीची वाट बघत होतो. शेजारी गुंदकडचं एक जोडपं बसलं होतं. बाई बाळंतपणाला माहेरी निघाली होती. नवरा गोऱ्या साहेबाच्या माशांच्या हौदावर राखणीला होता.

“साहेबाच्या हौदापाशी आज कोण हाय?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“कोण न्हाई.”

“अंडी फुटली?”

“अजून न्हाई. पण आत डोळं दिसाय लागल्यात. काळं, खसखशीएवढं.”

“आई कुठं हाय त्यांची?”

“लांब. अंडी बोटीनं आल्यात, बर्फात घालून. थंड मुलखातला ह्यो ट्राउट मासा आपल्या पाण्यात जगतो का, त्ये साहेब बघतोय.”

“जगंल?”

“रोज चार-दोन पांढरी पडतात. मेलेली ती. कोंबड्याच्या पिसानं काढायची, न्हाईतर बाकीची नासतात.”

“काढून काय करता?”

“फेकून दे म्हणतो साहेब.”

“फेकता?”

“न्हाई. फणसाखाली पुरतो.”

“आपल्या पोरीजवळ?”

“व्हय.”

होडी काठाला लागली. तो गाठोडं घेऊन उठला.

“द्या ते इकडं. तुमी माघारी जावा. पलीकडं दादा आलाय.”

“फुला, ह्या येळेला मी संगं ऱ्हातो म्हणालो हुतो.”

“मला आई हाय. त्यांस्नी कोण हाय?”