नाटकातली राणी

तुम्ही विचारलेत म्हणून सांगते. सन १९८६, महिना डिसेंबर, थंडी नुकतीच पडू लागली होती. भिवंडीच्या आमच्या माध्यमिक शाळेत स्नेहसंमेलनाचे नाटक मी बसवीत होते, आणि कामतघर वस्तीतली, नववीतली शोभा त्यात राणी होती.

एका तालमीत ती वाक्य विसरली. पडद्यामागून ते तीनदा सांगितले, तरी ती गप्पच उभी राहिली.

मुख्याध्यापक संतापले. "मुलगी मस्तवाल आहे, बाई. काढून टाका तिला."

"क्षणभर थांबा, सर," असे म्हणून मी तिच्यासमोर गेले आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून तेच वाक्य उच्चारले. शोभाने ते खणखणीत म्हणून दाखवले.

सर खाली बसले. "आधी कान दाखवा हिचे. मग नाटकाचे बघू."

कानांच्या तपासणीचा निकाल भोगीच्या दिवशी लागला. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान जवळजवळ गेले आहेत आणि आता सुधारणार नाहीत.

मी तिच्या आईला विचारले, "घरात कोणाच्याच लक्षात कसे आले नाही?"

"बाई, भिंतीला लागून रातंदिस कापडाचे लूम चालतात. आमच्याकडं सगळीच वरडून बोलतात. एकीला ऐकू येत न्हाय, ते कळायचं कसं?" मग तिने प्रथमच आवाज खाली आणला. "आता हिला कसं सांगू?"

शोभा आईच्या तोंडाकडेच पाहत होती.

"सांगितलंस की, आई," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बाई, मग राणी कोण होणार?"