सत्तावीस टक्के अल्कोहोल

कंपनीचे आणि आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय शिमाकावासाहेब, व्यासपीठावरील संचालक मंडळी, सत्कारमूर्ती कुरोइवासाहेब, सौ. कुरोइवा आणि तोयामा कारखान्यातील माझ्या सहकाऱ्यांनो,

बिअर ओतून झाली आहे, फेस बसायच्या आत मी आटोपतं घ्यावं, ही तुमची अपेक्षा मला कळते. पण एकतीस वर्षं ज्यांनी संशोधन विभाग चालवला, त्यांना दोन वाक्यांत निरोप द्यायचा कसा?

साहेबांची शिस्त नव्या मंडळींना ठाऊक नाही. बारा वर्षांपूर्वी आमच्याकडे त्सुबाता ओरिए नावाची संशोधक होती. औषध, पाणी आणि अल्कोहोल यांचे हजारो रेणू संगणकावर एकत्र सोडायचे आणि कोणत्या मिश्रणात किती औषध विरघळून राहील ते आधीच सांगायचं, हे तिचं काम. तेव्हा आमचं इंजेक्शन फार झोंबतं अशी डॉक्टरांची तक्रार होती. साहेबांनी अल्कोहोल चाळीसवरून सत्तावीस टक्क्यांवर आणलं. ओरिए म्हणाली, एवढ्याने थंडीत औषध टिकणार नाही, स्फटिक धरतील.

साहेबांनी एक बाटली शीतकपाटात ठेवली. तीन आठवडे ती अगदी स्वच्छ राहिली. मग भर बैठकीत साहेब तिला म्हणाले, "तुझ्या संगणकाने कधी फ्लास्क धुतलाय का? आता तू धू. अक्कल येईल."

आम्ही हसलो. मीही हसलो. चार महिने ती फ्लास्क धूत होती. हातांची सालं निघाली तेव्हा साहेबांनी हातमोजे द्यायला सांगितलं, हेही नमूद केलं पाहिजे.

फेब्रुवारीत गोदामातल्या बाटल्यांमध्ये स्फटिकांच्या सुया दिसल्या. त्या धरायला कधीकधी महिने लागतात, असं ओरिएने अहवालात लिहूनच दिलं होतं. सगळा माल परत मागवावा लागला. चौकशीत साहेबांनी सांगितलं, त्सुबाताने आम्हाला सावध केलंच नाही. त्या जबाबाखाली साक्षीदार म्हणून सही माझी आहे. तिचा अहवाल तेव्हा माझ्या खणात होता. तिला काढलं, मला बढती मिळाली.

गेल्या महिन्यात मी ताकाओकाला तिच्या घरी गेलो. आता ती एका औषधाच्या दुकानात काम करते. आज तिने यावं अशी विनंती केली. दारातूनच म्हणाली, "त्यांना मी ओळखून होते हो. पण तुम्ही रोज माझ्या शेजारी बसून डबा खायचात." मी माफी मागितली. तिने ती पुरती ऐकून घेतली आणि दार लावलं.

साहेब, बसा. पुष्पगुच्छ अजून बाकी आहे.

तो अहवाल मी काल अध्यक्षांना दिला, माझ्या राजीनाम्यासकट. साहेबांना निवृत्तीनंतर मिळणारं सल्लागारपद अध्यक्षांनी कालच रद्द केलं. तसं पत्र साहेबांच्या घरी पाठवायचं ठरलं होतं, पण सौ. कुरोइवांनीही ते सर्वांबरोबर ऐकावं, असं मला वाटलं.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, शब्द अधिकउणा गेला असेल, तर पदरात घ्या. कुरोइवासाहेब, ओळखपत्र फाटकावर जमा करायचं आहे. मलाही करायचंय. चला, बरोबरच उतरू.