कडी बाहेरून

शिल्पकार : ...म्हणून आजी, पुतळ्यांवरची फडकी काढायच्या आधीच सांगते, चूक माझी आहे. एकेकाचा जुना फोटो समोर ठेवून चौघांना वेगवेगळं घडवलं. काल पहिल्यांदा एका चौथऱ्यावर उभे केले, तर...

नातू : तर एकाचंही तोंड दुसऱ्याकडे नाही! देश उभा करणारी माणसं आहेत, की बसची वाट बघणारी? स्मारक समितीला सगळ्यांची नजर एकाच दिशेला हवी आहे. आजी, तू फक्त नाही म्हण. माती ओली आहे तोवर माना मोडून नव्या बसवायला लावतो.

शिल्पकार : नुसत्या माना नाहीत हो. खांदे, पाठ, सगळंच मोडावं लागेल. वर्षभराचं काम आहे.

आजी : समितीचा चिटणीस झालास म्हणून माझ्या वाटचंही तूच बोलणार का रे? काढ गं फडकी.

शिल्पकार : हे मास्तर. हे डॉक्टर. हे छापखानेवाले. आणि हे... तुमचे यजमान.

(आजी बघत राहते. तिचे खांदे हलू लागतात.)

नातू : रडवलंत ना तिला, ताई!

आजी : हसतेय रे मेल्या! अगं, मास्तर अस्सेच वळायचे. बंदुकीचा विषय निघाला की भिंतीकडे तोंड. डॉक्टरांना नावापुरता का होईना, राजा हवाच. छापखानेवाला म्हणे, राजा नको आणि जमीनदारही नको. त्यावर आमचे हे, स्वतः जमीनदार, खिडकीकडे वळले ते वळलेच.

नातू : पण आम्ही तर शाळेत शिकलो, चौघांनी एकदिलाने देशाचा जाहीरनामा लिहिला म्हणून.

आजी : शिकवणारे होते का आमच्या घरात? शहरात सैन्य शिरलेलं, आणि हे चौघं भांडून चार वाटांनी निघालेले. हकनाक पकडले गेले असते. मी बाहेरून कडी घातली. म्हटलं, आधी चौघांच्या सह्यांचा एक कागद दाराखालून सरकवा, मग दार उघडेन.

नातू : तू कोंडलंस त्यांना?

आजी : मग काय करणार? रात्रभर आरडाओरडा, खोडाखोडी. चौघांना पटलं तेवढंच शेवटी उरलं. म्हणून तर तो जाहीरनामा एवढासा आहे.

शिल्पकार : म्हणजे माना... अशाच राहू देऊ?

आजी : हात लावून तर बघ! किती वर्षांनी भांडताना दिसले गं मला.

शिल्पकार : हुश्श! जीव भांड्यात पडला, आजी.

नातू : माझाही. खरं सांगू? आमच्या समितीचं एकाही गोष्टीवर जमत नाही. मला वाटायचं, आम्हीच तेवढे नालायक.

आजी : नालायक आहातच. पण त्यासाठी नव्हे.

शिल्पकार : आजी, यात तुमची जागा कुठे करू?

आजी : मी कुठे खोलीत होते?

शिल्पकार : मग चौथऱ्यामागे एक दार करते.

आजी : कर. पण कडी बाहेरून.