कुणाचीच नसलेली लघवी

राव, लघवीच्या तपासणीची गोष्ट म्हटल्यावर तुमी हसाल, पण त्या दिवशी मी लॅबात मेव्हण्याशेजारी बसलो व्हतो आन् माझ्या अंगावर काटा आला.

मेव्हणा म्हंजे खोडदचा संतोष. कामगारांच्या बसवर ड्रायव्हर म्हणून त्याची निवड झाली व्हती, फक्त नशेची तपासणी बाकी व्हती. आन् गडी गांजा ओढायचा. घाबरून त्यानं आठ दिवस लिंबूपाणी, ताक, व्हिनेगर, घरात सापडंल ते पोटात ढकललं. वारूळवाडीचा दोस्त म्हणला, "घरच्या उपायानं काय व्हत न्हाई. विकतची पावडर मिळती. पाण्यात कालवली की हुबेहूब लघवी." संतोषनं ती मागवली आन् बाटलीत तीच भरून दिली.

तासाभरानं लॅबवाल्या बाई बाहेर आल्या. त्याच्याकडं लई येळ बघत राहिल्या.

"हे तुमचं आहे?"

"व्हय, माझंच."

"हे माणसाचं नाही," बाई हळूच म्हणल्या. "जनावराचंही नाही. हे कुणाचंच नाही."

बाकावरची माणसं वळून बघायला लागली. शेजारचा एकजण सरकून बसला. संतोष आपल्याच मनगटाची नाडी चाचपायला लागला, खरं सांगतो.

मग त्यानं सगळं कबूल केलं. नोकरी गेली. गाडीत एवढंच म्हणला, "दाजी, मी व्हतो ना तिथं?"

त्या दिवसापास्नं त्यानं गांजाला हात लावला न्हाई. चार महिन्यांनी दुसऱ्या नोकरीसाठी परत त्याच बाईंपुढं उभा राहिला. बाईंनी तपासणीचा कागद वाचला, मान वर केली.

"आज तुम्ही आलात," म्हणल्या.